नवशिक्याने धाप लागेपर्यंत पळावं का? माझं मत: अजिबात नाही

धापाधाप
पळायला नव्याने सुरुवात केलेल्या कुणालाही विचारा, पहिला सल्ला ठरलेला असतो: "धाप लागली तरी थांबू नकोस, रोज थोडं पुढे जा, स्टॅमिना आपोआप वाढतो." हा सल्ला मी तीनदा पाळला आणि तिन्ही वेळा महिन्याच्या आत पळणं सोडलं. तिसऱ्या मिनिटाला छातीचा भाता व्हायचा, मग बुटाची नाडी सुटल्याचं नाटक करून खाली बसायचो. नाडी चांगली घट्ट असायची. ती सोडून पुन्हा बांधायची, तीही सावकाश.

चौथ्यांदा उलटं केलं. आधी पाच मिनिटं भराभर चालणं, मग एक मिनिट पळणं आणि दीड मिनिट चालणं असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीनदाच. यात माझं डोकं काही नाही. जॉश क्लार्कने १९९६ साली बनवलेला 'काउच टू फाइव्ह के' (सोफ्यावरून थेट पाच किलोमीटर) हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम इथूनच सुरू होतो. पाचव्या आठवड्याच्या शेवटी तो सलग वीस मिनिटं पळायला लावतो. मला तिथे पोचायला सात आठवडे लागले, कारण तिसरा आणि चौथा आठवडा मी दोनदोनदा केला. पण पोचलो, आणि नाडीला हात न लावता.

म्हणून म्हणतो, पहिले दोन महिने वेग इतका कमी ठेवा की थोडी लाजच वाटली पाहिजे. पळताना एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी बिनधास्त लिहा.

तिसरा गिअर
मला नाही पटत. लाज वाटेल इतकंच हळू जायचं असेल तर चालायलाच जा की! शरीर सवयीपेक्षा जास्त ताण पडला तरच बदलतं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेणारा एमिल झाटोपेक ४०० मीटरचे तुकडे पुन्हा पुन्हा पळून तयार झाला होता. जपानी संशोधक ताबातांचा १९९६ चा प्रयोगही बघा. २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद विश्रांती, असे सात-आठ फेरे करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता तासतासभर मध्यम जोर लावणाऱ्यांइतकी तरी वाढलीच. तुमच्या पद्धतीने माणूस टिकेल, पण आहे तिथेच टिकेल.

नडगीग्रस्त
ताबातांच्या प्रयोगात सायकली होत्या. सायकलवर नडगी दुखत नाही.

शिवाय ती मुलं तरुण आणि आधीच खेळणारी होती. खुर्चीतून उठून आलेल्या माणसाला तो हिशेब कसा लावायचा? माझा अनुभव सांगतो. माझा दम लवकर वाढला. पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, माणसाला वाटतं जमलं. हाडाची चाल मात्र वेगळी. नव्या ताणाला तोंड देताना शरीर आधी जुनं हाड कोरून काढतं आणि मग नवं भरतं, त्याला तीन-चार महिने जातात. मी नेमका त्या मधल्या काळात जोर लावला. पाचव्या आठवड्यात नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबला की कळ मस्तकात जायची. दुखणं वीतभर पसरलेलं होतं म्हणून विश्रांतीवर भागलं. हेच एका बिंदूवर दुखत असेल, रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर पळणं बंद करून डॉक्टर गाठा. हाडाला बारीक चीर असू शकते.

मोजपट्टी
'हळू वाढवा म्हणजे दुखापत टळते' हे इतकं सरळ नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी नवशिक्यांचे दोन गट केले होते (निष्कर्ष २००८ साली आले). एका गटाने १३ आठवड्यांत, दर आठवड्याला पळायची मिनिटं साधारण १० टक्के वाढवत तयारी केली. दुसऱ्याने नेहमीच्या ८ आठवड्यांच्या पद्धतीने. दोन्हीकडे दर पाचांतल्या एकाला दुखापत झालीच. १० टक्क्यांचा नियम लोक वेदवाक्यासारखा सांगतात, त्याचा पाया एवढाच.

धापाधाप
हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद. पण तो प्रयोग मिनिटं किती भराभर वाढवायची याचा आहे. माझा मुद्दा वेगाचा आहे, आणि त्याहून जास्त माणूस पळणं सोडतो त्याचा. नडगी दुखायच्या आधीच मी तीनदा घरी बसलो होतो.

जिनेवाली
तुम्ही सगळेच एक गोष्ट विसरताय. 'हळू पळा' म्हणणं सोपं आहे, पण नवशिक्याला हळू पळताच येत नाही! माझं वजन तेव्हा जास्त होतं. मी कितीही सावकाश पळाले तरी बोलणं 'हो' आणि 'नाही'वर यायचं. त्याहून हळू गेलं की ते चालणंच होतं. म्हणजे तुमची वाक्याची कसोटी मला पहिल्या दिवशीच नापास करणार.

मला चालण्याच्या विश्रांतीने तारलं, फक्त ती घ्यायची कधी यात सगळं आहे. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळलेला जेफ गॅलोवे ही पळा-चाला पद्धत वर्षानुवर्षं शिकवत आला. त्यातली खुबी अशी की दमल्यावर नाही, दमायच्या आधी चालायचं. मी घड्याळ लावायचे. पहिल्या मिनिटानंतर चालायचा बीप वाजला की चिडायचे, आता कुठे जमतंय आणि हे थांबवतंय. पण दहाव्या मिनिटाला त्याच बीपची वाट बघत असायचे. पहिले दोन बीप धुडकावले त्या दिवशी शेवटची पाच मिनिटं पोटाला हात लावून, बरगडीखाली टोचत, नुसती चालत काढली.

तिसरा गिअर
जिनेवालींचं मान्य. त्यांचं एकेक मिनिट म्हणजे इंटरव्हलच (थोडा जोर, थोडी विश्रांती, पुन्हा जोर) झालं की, नाव फक्त सौम्य आहे. पण झाटोपेक सोडा, माझा आक्षेप वीस मिनिटांनंतरचा आहे. तिथे पोचलेले लोक पुढे वर्षभर तेच अंतर, त्याच वेगाने पळताना दिसतात.

नडगीग्रस्त
मग लिडियार्डचं काय? न्यूझीलंडच्या या प्रशिक्षकाने ८०० मीटरवाल्या पीटर स्नेललासुद्धा आधी आठवड्याला १०० मैल पळायला लावलं. चढ आणि वेग नंतर. स्नेलने १९६० च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेतलं.

तिसरा गिअर
'नंतर' होतं ना पण? तुमच्याकडे ते नंतर येतच नाही. धापाधाप, सलग वीस मिनिटं जमून महिना झाला असेल तर आठवड्यातल्या एका दिवशी शेवटी चार तुकडे घाला, २०-२० सेकंदांचे. जीव तोडून नाही, जोमात. मध्ये श्वास पूर्ण खाली येईपर्यंत चाला. चढावर केलेत तर आणखी बरं, पायावरचा आदळ कमी होतो.

धापाधाप
महिना व्हायला दहा दिवस आहेत. माझी वाट सपाट आहे, एक पूल आहे तेवढाच. त्याचा चढ चालेल?

तिसरा गिअर
चालेल. वर पळत, खाली चालत. उतारावर पळू नका, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या सांगतील का ते.