मदत हवी आहे: काल्पनिक जगात कीटक नसतील तर फळं कशी धरणार?

अर्धवट_लेखक
मंडळी, अर्जंट मदत हवीये. एक फँटसी कादंबरी लिहितोय, त्यातल्या जगात झाडं आहेत, फुलं आहेत, लोक फळांवरच जगतात. मित्राला सुरुवातीची प्रकरणं वाचायला दिली तर तो म्हणे तुझ्या जगात एक माशी नाही का डास नाही, मग फळं धरतात कशी? झालं, तेव्हापासून एक ओळ पुढे सरकत नाहीये. बायोलॉजी बारावीलाच सोडली. कीटकांशिवाय परागीभवन कसं होतं तेवढं सांगा. लिंका नकोत, गूगल मलाही येतं.

रानवाट
वारा! मका बघितलाय ना? वर तुरा असतो तो नर, खाली कणसातून केस बाहेर येतात ते मादी. तुऱ्यातले पराग वाऱ्याने केसांवर पडतात आणि एका केसामागे एक दाणा भरतो. कणसात मधेच दाणे नसतात ना, ते त्या केसांपर्यंत पराग पोचले नाहीत म्हणून. कीटकांची गरजच नाही. प्रश्न मिटला.

अर्धवट_लेखक
अहो वारा कुठून येणार, दरीत कायम धुकं बसलेलं आहे. म्हणजे वारा नाही हे उघडच आहे ना.

तर्कटराव
उघड कोणाला? धुकं तुमच्या डोक्यात आहे, आम्हाला आत्ता कळलं. एकदाच सगळं सांगा बघू. पक्षी आहेत? वटवाघळं? पाणी वाहतं का साचलेलं? जमिनीवर फिरणारे प्राणी कोणते?

अर्धवट_लेखक
उडणारं काहीही नाही, ते कथानकाला लागतं. तळी आहेत. प्राणी आहेत, पण ते महत्त्वाचे नाहीत.

निशाचर
तळी आहेत तर वॅलिस्नेरिया घ्या की. फिश टँकमध्ये लांब पट्ट्यांसारखं गवत लावतात ते. मादी फूल लांब देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं. नर फुलं मात्र अगदी बारीक, खाली झाडापासून सुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात आणि पाण्यावर तरंगत फिरतात. मादी फुलाभोवती पाण्याला जरासा खळगा पडलेला असतो, त्यात ती घरंगळतात. काम झालं की मादीचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि फूल खाली जातं, फळ पाण्यात धरतं. यात जादू घालायची गरजच नाही, आहे तेच लिहा.

अर्धवट_लेखक
भारी आहे हे. पण माझी झाडं मोठी आहेत, वडाएवढी.

तर्कटराव
बघा, हेही आत्ता कळतंय.

गच्चीवरची_बाग
नमस्कार, विषय परागीभवनाचा आहे म्हणून इथेच विचारते. माझ्या दुधीला बोटभर फळं येतात, पिवळी पडतात आणि गळतात. खत घातलं, ताक घातलं, काही उपयोग नाही. काय करू?

रानवाट
ताई, खत पुरे. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, त्या वेळी तुमच्या गच्चीवर किडे-पतंग येत नसणार. ज्या फुलामागे इवलासा दुधी दिसतो ती मादी. नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवा. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरू नका.

तर्कटराव
धागा कादंबरीचा आहे हो.

रानवाट
मग तुम्ही कादंबरीचं उत्तर द्या ना, अजून नुसते प्रश्नच विचारताय.

तर्कटराव
देतो. कायम धुकं म्हणजे नेचे (फर्न) आणि शेवाळ. त्यांना फूल नाही, पराग नाही. बीजाणू पडतात आणि नराच्या पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपर्यंत जातात. पाऊस पडला की सह्याद्रीच्या कातळावर हेच चालू असतं. त्या दरीत नेच्यांचं रान असायला हवं, फुलझाडं मुळात चुकीची आहेत.

अर्धवट_लेखक
पण नेच्याला फळ येत नाही ना! माझे लोक खाणार काय?

सह्याद्रीवेडा
कारवी बघा कारवी, सह्याद्रीतलं झुडूप. सात वर्षांनी एकदम सगळा डोंगर फुलतो आणि बी पडलं की झाडं मरतात. मुन्नारची नीलकुरिंजी १२ वर्षांनी, २०१८ ला बहरली होती. तुमच्या जगात पण असंच करा, भन्नाट वाटेल. कारवीचा मध कोणी चाखलाय का? महाबळेश्वर भागात मिळायचा.

तर्कटराव
तो मध मधमाश्याच करतात. त्यांच्या जगात माश्या नाहीत, वाचा तरी.

ओवी_लिहिते
एवढं शास्त्र कशाला? फँटसी आहे, झाडांना चांदण्यात फळं धरतात असं लिहा आणि मोकळे व्हा. वाचकाला गोष्ट हवी असते. आणि छापायचं काय ठरलंय? मागणीनुसार छपाई केली तर आगाऊ प्रती काढाव्या लागत नाहीत.

निशाचर
छपाईचं कोण विचारतंय इथे? आणि जादूलाही नियम लागतात, नाहीतर संकट आलं की लेखक नवी जादू काढणार. लेखकमहाशय, एक सांगा, परागीभवन कथेत लागतंय कशाला? नुसतं मित्राला उत्तर द्यायचं असेल तर दोन ओळींत उरकेल. मॉरिशसमध्ये एका वेलीचं परागीभवन पाली करतात, तुम्हीही पाली घाला, उडत नाहीत.

अर्धवट_लेखक
पाली नको, किळस येते. कशाला लागतंय म्हणजे, सातव्या प्रकरणात राजाला दरीतल्या लोकांना उपाशी मारायचंय. पण झाडं तोडून चालणार नाही, नंतर ती त्यालाच हवीत. झाडं उभी राहिली पाहिजेत आणि फळ धरता कामा नये.

निशाचर
अहो, हा खरा प्रश्न! हा पहिल्या पोस्टमध्ये हवा होता.

सुपारीबाग
मग परागीभवन माणसं करतात असं दाखवा. खजुराची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, पपईसारखी. मेसोपोटेमियापासून लोक नर झाडाचे तुरे कापून मादी झाडाच्या तुऱ्यात बांधत आलेत, कच्छच्या खारकेला आजही हाताने पराग घालतात. एक नर झाड बऱ्याच मादी झाडांना पुरतं, म्हणून बागेत नर मोजकेच ठेवतात. तुमच्या राजाने फक्त नर झाडं तोडायची, मादी झाडं उभीच्या उभी राहतील. तुरे येतील, पण धड फळ धरणार नाही. राजाला पाहिजे तेव्हा स्वतःच्या बागेतले नर तुरे आणून बांधेल.

अर्धवट_लेखक
बाप रे. हे पाहिजे होतं मला.

निशाचर
+१. आणि व्हॅनिलाची हकीकत जोडा. मेक्सिकोतून वेल हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर नेली, ती वाढली, फुलली, पण शेंग धरेना. १८४१ मध्ये एडमंड नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागावर, दाबले. एक फूल काही सेकंदांत होतं. आजही व्हॅनिलाच्या बागांत हेच करतात. बेटाचा धंदा त्याच्या युक्तीवर उभा राहिला आणि तो स्वतः गरिबीतच गेला. दरीत असे पराग लावणारे लोक असतील तर राजा झाडांना हातही न लावता त्यांनाच पकडून नेईल.

तर्कटराव
दोन्ही ऐकायला छान आहे, पण धुकं विसरलात. ओल्या हवेत पुंकेसराच्या, म्हणजे फुलाच्या नर भागाच्या, परागांच्या पिशव्या नीट उघडत नाहीत आणि ओले पराग टिकत नाहीत. खजूर वाळवंटातला आहे, बहराच्या वेळी पाऊस आला तर पीक जातं.

सुपारीबाग
म्हणून तर पोय असते, म्हणजे तुऱ्यावरचं बंद आवरण. नारळ, सुपारी, खजूर सगळ्यांचा तुरा आधी बंद पोयीत असतो. ती फुटायच्या बेतात असताना घरात आणायची, चुलीच्या उबेला फोडायची, झटकली की पिवळी भुकटी खाली पडते. खजुराचे पराग सुकवून पुढच्या हंगामापर्यंत ठेवतात. म्हणजे एखाद्या म्हातारीने मागच्या वर्षीची भुकटी चुलीच्या वर, उतरंडीत जपून ठेवली असेल तर राजाचा डाव फसला.

तर्कटराव
उबदार, कोरडी जागा असेल तर मान्य. पण वर्षभराने सगळे पराग जिवंत नसतात, फळं कमी धरणार.

अर्धवट_लेखक
कमी धरली तरच बरं, कोणाला द्यायची यावर भांडण लावता येईल. दरीत प्रत्येक घरात धूर असतो, तेवढी जागा कोरडी ठेवता येईल. मादी तुरा उमलल्यावर किती वेळ असतो हाताशी?

सुपारीबाग
थोडेच दिवस. आणि सगळे तुरे एकदम उमलत नाहीत, त्यामुळे एका झाडावर पुन्हापुन्हा चढावं लागतं.

गच्चीवरची_बाग
रानवाट, आज संध्याकाळी केलं बरं का तुम्ही सांगितल्यासारखं. पण पावडर बोटालाच लागून राहिली, तेवढी पुरते का?

रानवाट
पुरते. दोन-तीन नर फुलं वापरा म्हणजे झालं.

तर्कटराव
झाडं वडाएवढी म्हणालात, राजाने चढणारे तरुण आधीच उचलून नेले असणार. मग चढतंय कोण, म्हातारी?