दादाला निवासी घरात ठेवताना काय बघू?

दादा ४१ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. आई गेल्यापासून माझ्याकडेच आहे. आता दिव्यांगांना सांभाळणाऱ्या एका निवासी घरात जागा मिळतेय, पण शेजारच्या सोसायटीच्या तक्रारीमुळे तिथलं फाटक दिवसभर कुलूपबंद असतं. दादाला नीट बोलता येत नाही. कुणी हात उगारला तर मला कळणार कसं?

उत्तर १: न कळवता जा, तेही जेवणाच्या वेळी. माझी लेक तिच्या निवासी घरातल्या एक मावशी दिसल्या की ताट सोडून कोपऱ्यात जायची. त्यावरूनच मला कळलं.

उत्तर २: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देतं. छळ झाला तर कलम ७प्रमाणे कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं.

उत्तर ३: ताई, दादाला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे रोज नेतात का, विचारा. ओळखणारी माणसं हवीतच.

प्रश्नकर्ती: उद्या साडेबाराला जाते. दादालाही नेते.