मदत हवी आहे: रोम एका दिवसात पायी, क्रम कसा लावू?

ऑक्टोबरअखेर एका बुधवारी रोममध्ये एकटीच असेन, बजेट तुटपुंजं. तेर्मिनी स्टेशन, सांता मारिया माज्जोरे चर्च, कोलोसियम (बाहेरूनच), कॅम्पिदोल्यो टेकडी, पँथिऑन (प्राचीन मंदिर, आता चर्च), पियाझ्झा नावोना हा चौक, व्हॅटिकनचं सेंट पीटर्स चर्च असा सुमारे 6 किलोमीटरचा मार्ग आखलाय.

घोळ वेळेचा आहे. बुधवारी सकाळी पोपची जाहीर भेट असली की सेंट पीटर्समध्ये दुपारपर्यंत पर्यटकांना प्रवेश नसतो, म्हणून ते शेवटी ठेवलंय. पण नावोनाजवळचं सान लुईजी देई फ्रांचेझी हे चर्च दुपारी काही वेळ बंद असतं, आणि तिथली चित्रकार काराव्हाज्योची तीन चित्रं फुकट बघायची संधी हुकायला नको. तेर्मिनीहून बसने आधी नावोना गाठून कोलोसियमपर्यंत उलटं यावं का? मग सेंट पीटर्सला परत जाणं लांबतं.

शिवाय:
पँथिऑनचं तिकीट काढण्याइतकं आत काही आहे का?
पावसात रोमच्या रस्त्यांवरचे काळे दगडी चौकोन निसरडे होतात; ट्रेकिंगचे बूट चालतील की जड पडतील?
वजनावर मिळणारा पिझ्झा ठीक, पण सुप्लीत (भाताचे तळलेले गोळे) बहुधा मांसाचा रस्सा असतो. शाकाहारी स्वस्त दुसरं काय?

पाण्याची चिंता नाही, रस्तोरस्ती नळ आहेत.