साकचीचं जमशेदपूर झालं, पण कोणासाठी?

सुवर्णरेखा:
जमशेदपूरचा विषय निघाला की, शहर कसं असावं हे सांगणारं जमशेटजी टाटांचं १९०२ चं पत्र पुढे येतं. रुंद रस्ते, सावलीची झाडं, खेळाची मैदानं, देवळं-मशिदी-चर्च. पत्र खरंच मोठ्या मनाचं आहे. पण त्यावरून 'कामगारांसाठी वसवलेलं शहर' म्हणणं मला पटत नाही. पिट्सबर्गच्या इंजिनिअरांनी आखणी केली ती मुळात टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी. साहेबांना बंगले मिळाले आणि मजुरांनी मिळेल त्या जागी मातीच्या झोपड्या घातल्या. १९११ ला वस्ती जेमतेम साडेपाच हजार होती, १९२१ ला सत्तावन्न हजार. घरं त्या वेगाने कुठून येणार?

कालीमाटी:
साफ असहमत. माझं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. दोन खोल्या, मागे अंगण, नळाला पाणी. रात्री स्लॅग, म्हणजे भट्टीतला तापलेला मळ, ओतला की खोलीच्या भिंतीवर लाल उजेड चढायचा. आजोबांना आठ तासांची पाळी होती आणि ती तिथे १९१२ पासूनची! त्या सुमारास आपल्या गिरणगावात पुरुषांना बारा तासांची मर्यादा घालणारा १९११ चा कायदा नुकता आला होता. १९१५ ला मोफत औषधोपचार, १९२० ला प्रॉव्हिडंट फंड. हे तेव्हा देशात कोण देत होतं?

सुवर्णरेखा:
आठ तासांबद्दल मान्य, ते मोठं पाऊल होतं. पण १९२० चंच घ्या ना. त्या वर्षी संप झाला, गोळीबार झाला. फंड त्याच वर्षीचा. कामगारांनी किंमत मोजली हे सोडून फक्त कंपनीचं औदार्य सांगायचं, याला माझा विरोध आहे.

कालीमाटी:
संपाने रेटा दिला असेल, पण आठ तासांची पाळी संपाच्या आठ वर्षं आधीची आहे. ती कोणी भांडून घेतली नव्हती.

मावळकर:
तुम्ही दोघंही १९०७ ला कंपनी निघाली त्याच्या पुढचंच बोलताय. नदीकाठी साकची गाव होतं, भोवती संथाळ, भूमिज आणि 'हो' या आदिवासींची शेतं. १९१९ ला व्हाइसरॉय चेम्सफर्डने गावाला जमशेटजींचं नाव दिलं, कालीमाटी स्टेशनचं टाटानगर झालं. मी मुळशीकडचा. टाटांच्या धरणात बुडालेल्या जमिनींसाठीचा १९२१ चा सत्याग्रह आमच्याकडे अजून सांगतात. साकचीत शेत कसणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे सांगा की कोणीतरी.

कालीमाटी:
हे आमच्या घरात कधी कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.