विरंगुळा केंद्र, समाजमंदिर, तालीम: तुमच्या भागातल्या जागेनं तब्येतीला काय दिलं?

गेल्या पावसाळ्यात बाबांना (वय ७४) कोथरूडच्या एका विरंगुळा केंद्रात अक्षरशः ढकललं. हेतू एवढाच की दुपारी टीव्हीसमोरून उठावेत. तिथे बुधवारी एक निवृत्त सिस्टर बीपी बघतात. बाबा घरून चहा पिऊन, तरातरा चालत गेले आणि थेट हात पुढे केला. सिस्टरनी यंत्राला हातच लावला नाही. "चहा घेऊन आलात ना? अर्धा तास जाऊ दे. मग पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकवा, पाय जमिनीला, मांडीवर मांडी नको." बाबा तणतणत घरी. "बीपी बघायला गेलो होतो, शाळेत नव्हे!"

पण पुढच्या बुधवारी गेले. वरचा आकडा १५८. त्याच्या पुढच्या बुधवारी १६२. शांत बसवून घेतलेला आकडा पुन्हा पुन्हा १४० च्या वर येतोय म्हटल्यावर सिस्टरनी चिठ्ठीवर तारखांसकट सगळं लिहून दिलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. आता एक गोळी चालू आहे आणि लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली आहे. गंमत म्हणजे आमच्या कपाटात बीपीचं यंत्र सात वर्षं पडून आहे. सेल संपलेले.

तर, तुमच्याकडे अशी जागा आहे का? तब्येतीला तिचा खरंच काही उपयोग झाला? नसेल तर का नाही, तेही लिहा. मला तरी एवढं कळलंय की हॉल कितीही झकास बांधला तरी किल्ली कोणाकडे आहे यावर सगळं असतं. आमचे किल्लीवाले काका मुलीकडे नाशिकला गेले की केंद्र बंद. माणसांची नावं नकोत, आणि कृपा करून औषधं सुचवू नका.

पर्वतीपायथा

मी रिक्षा चालवतो, जनता वसाहतीत राहतो. खोकला दीड महिना होता. धूळ-धूर खातो दिवसभर, त्याचाच असणार म्हणून सोडून दिलं. आमच्या समाजमंदिरात टीबीचं शिबिर लागलं तेव्हा आशाताई घरी येऊन गेल्या, मी झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या रिक्षा स्टँडवर आल्या! सगळ्यांसमोर "चला" म्हणाल्या, मग काय करणार.

थुंकी तपासली, टीबी निघाला. सहा महिने गोळ्या, फुकट. खाण्यासाठी महिना हजार रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी पाचशेच मिळायचे. गोळी चालू केली त्या दिवशी लघवी केशरी झाली. मी हादरलो, आता संपलं म्हटलं. रात्री ताईंना फोन केला तर त्या हसायलाच लागल्या. गोळीचा रंग आहे, घाबरू नको. हे आधी सांगितलं असतं तर एक रात्र झोपलो असतो. दोन महिन्यांनी एकदम बरं वाटायला लागतं आणि तिथेच माणसं गोळ्या सोडतात, मी पण सोडणार होतो. ताईंनी रिकामी पाकिटं मोजायला घेतली म्हणून नाही सोडल्या. वजन ४९ होतं, ५७ झालं.

एक तक्रार. रांग समाजमंदिराच्या दारातच, आख्खी वस्ती बघते कोण कशाला आलंय. बायको आठ दिवस बाहेर पडली नाही. आणि गणपतीच्या आधी महिनाभर आत देखाव्याचं सामान, शिबिर बाहेर ताडपत्रीखाली. मी पण मंडळाचाच, तोंड वर करून कोणाला बोलणार?

सात पायऱ्या

वय ६८, दोन्ही गुडघे बोलतात. आमच्या इथल्या केंद्राला सात पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. ज्येष्ठांसाठी बांधलेल्या जागेला! आत गेलं तर चार टेबलं पत्त्यांची, पाचवं राजकारणाचं. बायकांसाठी वेळ ठेवलीय दुपारी तीन ते पाच. म्हणजे नेमकी नातवाला शाळेच्या बसवरून आणायची वेळ. स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली "साहेबांकडे". ज्या वयात दर तासाला जावं लागतं त्या वयातल्या माणसांना कुलूप! मग बायका घरून निघताना पाणीच पीत नाहीत, आणि पुढे लघवीला जळजळ झाली की उन्हाला दोष देतात. मी दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले नाही. कठड्याचा अर्ज २०२२ च्या मे महिन्यात दिला. तेव्हा नुकताच महापालिकेवर प्रशासक आलेला, त्यामुळे धरायला 'माननीय' नगरसेवकसुद्धा नव्हते.

फिजिओवाली

सात पायऱ्याताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही केंद्रांमध्ये जाऊन एक साधी चाचणी घेतो. हात नसलेली खुर्ची, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर फुलीसारखे बांधायचे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून उभं राहता ते मोजायचं. ६५ ते ६९ वयात बायकांचे ११ आणि पुरुषांचे १२ च्या खाली आले तर पडण्याचा धोका जास्त धरतात. ८० ते ८४ वयात तेच ९ आणि १०.

सांगायला सोपं, घ्यायला महाकठीण! एक आजोबा हाताने मांडीला रेटा देऊन १६ झाले म्हणून नाचले. नियम सांगितल्यावर ८. ते इतके रुसले की चहा घेतला नाही. एका आजींनी मात्र विचारलं, "मग करायचं काय, ते सांग ना." तेच सांगायला आलो होतो. हीच उठबस, दहा-दहाची दोन आवर्तनं, एक दिवसाआड. ओट्याला धरून टाचा उचलणं. कठडा धरून एका पायावर उभं राहणं. फिरायला जाणं चांगलंच, पण नुसत्या चालण्यानं तोल सुधारत नाही. पासष्टीपुढे आठवड्यात तीन दिवस तरी तोलाचे व्यायाम हवेत. तीन महिन्यांनी परत गेलो तर त्या आजी ७ वरून १२ वर होत्या आणि बाकीच्यांची उठबस त्याच मोजत होत्या. रुसलेले आजोबा? १०. हात बांधून.

धायरीफाटा

आमचं केंद्र म्हणजे सोसायटीचं क्लबहाऊस. एरवी तिथे वाढदिवस होतात आणि भाड्यावरून भांडणं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याला जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) साथ आली. नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, रोज नवीन आकडा. पुढे एकूण रुग्ण दोनशेच्या वर गेले. कोणी म्हणे चिकन, कोणी म्हणे पनीर, कोणी म्हणे लसीमुळे. व्हॉट्सॲपवर तर जत्रा.

आमच्या बी विंगमधल्या एका बालरोगतज्ज्ञ मॅडमनी क्लबहाऊसच्या दारावर हातानं लिहून कागद लावला. जुलाब होऊन गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पायाला मुंग्या आल्या, जिना चढताना गुडघे वाकायला लागले, तर वाट बघू नका, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. बस. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी तो कागद लिफ्टची वाट बघताना वाचला होता. गुरुवारी रात्री दादा चप्पल घालताना म्हणाले की अंगठा कळत नाहीये. वहिनींनी कपडेसुद्धा बदलू दिले नाहीत. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन, मग महिनाभर फिजिओ. क्लबहाऊसच्या कॉरिडॉरमध्ये कठडा धरून ते चालायचे तेव्हा टेबल टेनिसवाली पोरं खेळ थांबवायची.

दुसरं काम पाण्याचं. नववीतल्या मुलींनी ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट शिकून घेतली. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, तसंच राहिलं तर नाही. नळाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. रोज सकाळी रंग बघून फळ्यावर लिहायच्या. टँकरचं पाणी तीनदा कोरं निघालं. पहिल्यांदा टँकरवाला म्हणाला, लहान पोरींचं काय ऐकता. तिसऱ्यांदा समितीनं टँकर परत पाठवला. आता तो फळा पुसलाय आणि मला ते आवडलेलं नाही.

कोथरूडकर (धागाकर्ती)

फळा परत सुरू करा हो! आणि फिजिओवाली, बाबांची चाचणी घेतली आत्ता. ९. "खुर्ची बुटकी आहे" असं त्यांचं मत.

शुक्रवारातला

तालमीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुण्यात पेठेपेठेत तालमी होत्या, आता बऱ्याच ठिकाणी नुसता बोर्ड राहिलाय. आमची चालू आहे. हौदात लाल माती, त्यात हळद, ताक, तेल, लिंबू. पहाटे मोजून पंचवीस पोरं.

माझा धाकटा भाऊ तालीम सोडून चकचकीत जिमला गेला. तिथल्या ट्रेनरनं 'कोर्स' घ्यायला लावला, म्हणजे पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं. चार महिन्यांत छाती झाली, पाठीवर फोडही झाले आणि घरात रोज ताट आपटणं सुरू. आम्हाला वाटलं प्रेमभंग! आमच्या वस्तादांनी तो रस्त्यात दिसला तेव्हा शर्टाची कॉलर मागून ओढली, पाठ बघितली आणि म्हणाले, "सुई बंद. उद्या पाचला ये." डॉक्टरांनी नंतर सांगितलं की बाहेरून ते हार्मोन टोचलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. सुई सोडल्यावर पहिले काही महिने पोरगा अगदी मलूल होता. वस्ताद त्याला जोर-बैठका नाही मारायला लावायचे, नुसती माती उकरायला द्यायचे. फी महिना शंभर, तीही कधी मागत नाहीत.

तळजाईकर

आमचा हास्यक्लब. ही चळवळ १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत पाच माणसांवर सुरू झाली म्हणे. आमच्याकडे आता चाळीस. मला अजूनही ते हा-हा-हो-हो ओशाळवाणं वाटतं, मी ओठ हलवतो फक्त. समोरच्या इमारतीतून सहा वाजता आरडाओरड्याची तक्रार आली. ती रास्तच होती, रात्रपाळीची माणसं राहतात तिथे. सातला सुरू करतो आता. मी हसायला जात नाही, नंतरच्या कट्ट्यावर बसायला जातो. बायको गेल्यापासून दिवसात पहिलं वाक्य मी तिथे बोलतो.

नाव नको

नवरा मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यानंतरची दोन वर्षं मी दर रविवारी एका शाळेच्या वर्गात अल-अॅनॉनच्या बैठकीला जात होते. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते ती. पहिलीच्या मुलांचे बाक, गुडघे पोटात. भिंतीवर 'अ अननसाचा'. चार महिने मी एक शब्द बोलले नाही आणि कोणी बोलायला लावलंही नाही. शिपाईमामा रविवारची सुट्टी मोडून वर्ग उघडून द्यायचे.

सात पायऱ्या

परत आले. सगळं वाचून आज सकाळी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन आले. जुना अर्ज सापडत नाही, नवीन द्या म्हणाले. दिला, आणि पोच घेतली शिक्क्यासकट. येताना केंद्रावर गेले. वहीत बायकांची वेळ खोडून अकरा ते एक लिहिली, खाली सही केली. पत्तेवाल्यांपैकी एक म्हणाले, असं परस्पर कसं? मी म्हटलं, मग तुम्ही मला पायऱ्या उतरवून द्या आणि वाटेत बोलू. त्यांनी हात धरून उतरवलं खरं. फिजिओवाली, अकराच्या वेळेत येशील का गं? आम्ही पाच-सहा जणी असू. खुर्च्या आहेत, पण हातवाल्या.

फिजिओवाली

येते. पुढच्या गुरुवारी. खुर्ची मी आणते, स्कूटरवर बसते ती.