इतिहासाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी आयईएलटीएस: एकूण बँड पुरेसे, लेखनात कमी

प्रश्न:
मला परदेशी विद्यापीठात इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचा आहे. आयईएलटीएस ॲकॅडेमिक या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत मला श्रवणात ८, वाचनात ८, संभाषणात ७ आणि लेखनात ६.५, म्हणजे एकूण ७.५ बँड (या परीक्षेतील गुण) मिळाले आहेत. अभ्यासक्रमाची अट मात्र ‘एकूण ७.५ आणि प्रत्येक घटकात किमान ७’ अशी आहे. त्याच विद्यापीठात अभियांत्रिकीला एकूण ६.५ बँड चालतात. केवळ लेखनामुळे अर्ज नाकारला जाईल का? माझी पदवी इंग्रजी माध्यमातून झाली आहे; तसे प्रमाणपत्र जोडले तर ही परीक्षा टाळता येईल का?

उत्तर १:
अर्ज करण्याचे थांबवू नका, पण लेखनाची अट गौण आहे असेही धरून चालू नका. एकूण बँड म्हणजे चारही घटकांची सरासरी, जवळच्या अर्ध्या बँडला नेलेली. आपली सरासरी ७.३७५ भरते आणि तिचे ७.५ होतात. श्रवण-वाचनाच्या चांगल्या गुणांखाली लेखनाची उणीव झाकली जाऊ नये, यासाठीच घटकनिहाय किमान गुण वेगळे मागितले जातात. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य या विषयांत विद्यार्थ्याची पारख मुख्यतः निबंध आणि प्रबंधावरून होते, शिवाय चर्चासत्रात आपला मुद्दा तोंडी मांडून टिकवावा लागतो. त्यामुळे मला स्वतःला ही कडक अट रास्त वाटते. ऑक्सफर्डमध्येही मानव्यविद्यांच्या अनेक अभ्यासक्रमांना एकूण ७.५ आणि प्रत्येक घटकात ७ अशीच अपेक्षा असते. अनेक विद्यापीठे आधी सशर्त प्रवेश देतात आणि भाषेचे गुण ठरलेल्या मुदतीत सादर करू देतात, म्हणून ती मुदत कोणती हे प्रवेश कार्यालयाला आजच ईमेलने विचारा.

उत्तर २:
मी विद्यार्थ्यांकडून या लेखनाची तयारी करून घेते, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहिते. साठ मिनिटांत किमान १५० आणि किमान २५० शब्दांची दोन लेखने करायची असतात आणि दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन असते. तरीही अनेक जण पहिल्यातल्या आलेखाचे वर्णन घोटण्यात अर्धा तास घालवतात, त्याऐवजी वीस मिनिटांत ते संपवावे. दुसऱ्यात ‘दोन्ही बाजूंची चर्चा करून आपले मत द्या’ असे विचारले, की मानव्यविद्यांचे विद्यार्थी दोन्ही बाजू विस्ताराने रंगवतात आणि स्वतःचे मत शेवटच्या ओळीत उरकतात. ते मत प्रस्तावनेतच स्पष्ट सांगून पुढच्या प्रत्येक परिच्छेदात त्याला आधार दिला पाहिजे, कारण प्रश्नाला दिलेला प्रतिसाद, मांडणीची सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण या चारही निकषांना सारखेच वजन असते. आपले वाचन ८ बँडचे आहे, म्हणजे कमतरता भाषेच्या समजेत नसून बहुधा मांडणीत असावी.

उत्तर ३:
माध्यमाचे प्रमाणपत्र काही विद्यापीठे स्वीकारतात, काही मुळीच स्वीकारत नाहीत. हा निर्णय सर्वस्वी त्यांचा असतो. व्हिसासाठी भाषेची अट वेगळी असू शकते, तीही पाहून ठेवा. आपण संगणकावर परीक्षा दिली असेल, तर मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत फक्त लेखनाची फेरपरीक्षा देण्याची सोय अनेक केंद्रांवर आहे. मात्र तिचे गुण आपल्या विद्यापीठाला चालतात का, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.