मदत हवी आहे: दवाखान्यात बीपी नॉर्मल, घरी 150 च्या वर, आता ठोकेही अनियमित

नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. बाबा 62 वर्षांचे, बुटीबोरीच्या कंपनीतून रिटायर झालेले. दवाखान्यात बीपी कायम 126/80 च्या आसपास, त्यामुळे गोळी कधी लागलीच नाही.

दिवाळीत भावाने घरी मशीन आणलं. त्यावर आलं 152/94! मशीनच बिघडलं असेल म्हणून शेजारच्या काकांचं आणलं, तरी तेच. शिवाय आकड्यांच्या बाजूला छोटं हृदय लुकलुकत होतं. पुस्तिकेत पाहिलं तर ती अनियमित ठोक्यांची खूण. मी मनगट धरून बसलो. तीन ठोके भरभर, मग काहीच नाही, मग एक जोरात. पोटात गोळाच आला.

दवाखान्यातला ईसीजी मात्र साफ निघाला. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचा डावा वरचा कप्पा थोडा मोठा दिसला. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, दवाखान्यात 140/90 च्या आत पण घरी 135/85 च्या वर राहतं ते लपलेलं बीपी, मास्क्ड हायपरटेन्शन. वर्षानुवर्षं त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून खालचा कप्पा जाड नि ताठ होतो. मग तो भरायला वरच्या कप्प्याला जोर लावावा लागतो, तो ताणतो, त्याची भिंत निबर होते आणि ठोक्याचा विजेचा संदेश भरकटतो. एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरण्याचा, संशय आहे. तसं असेल तर वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की लकवा. हे ऐकल्यापासून आईला झोप नाही.

एक गोष्ट मला आता उमगली. बाबा रोज पाच-सहा खर्रे (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातात. डॉक्टरकडे जायचं असलं की सकाळपासून बंद, चूळ भरून जातात. तंबाखूने तेवढ्यापुरतं बीपी चढतं. म्हणजे दवाखान्यात मोजलं जातं ते बिनखर्र्याचं बीपी, आणि हृदय दिवसभर सोसतं ते वेगळंच. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी घोरण्याबद्दलही विचारलं, कारण झोपेत श्वास अडकत असेल तर रात्रीचं बीपी आणि ठोके दोन्ही बिघडतात. बाबा भिंत हलेल इतके घोरतात.

आता 24 तासांचं बीपी (दंडाला पट्टा बांधून दिवसरात्र मोजतात ते) आणि हॉल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) दोन्ही सांगितलंय. ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा:

रात्री पट्टा फुगतो तेव्हा झोप लागते का? बाबा वैतागून काढून टाकतील अशी भीती आहे. आणि अनियमितपणा अधूनमधूनच येतो, त्या एका दिवसात आला नाही तर पुढे काय केलंत?

धंतोली-रामदासपेठेत दोन्ही एकाच ठिकाणी, साधारण किती खर्चात होतं?

डॉक्टरांनी तपासणीचा दिवस रोजच्यासारखाच ठेवा म्हटलंय, म्हणून त्या दिवशी खर्राही चालूच राहील. पण त्यानंतर तो सोडवायचा आहे. चाळीस वर्षांची सवय आहे हो. कोणी घरच्यांचा सोडवला असेल तर सुरुवात कशी केली ते नक्की लिहा.